पेशींची पानगळ

माघ-फाल्गुनात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत सावर, पांगारा निष्पर्ण होतात. पान वारा तोडत नाही. देठाशी विलग होणारा थर तयार करून झाडच ते सोडून देतं. पेशींच्या अशाच नियोजित मृत्यूला वैद्यकात ‘अपॉप्टोसिस’ म्हणतात. १९७२ साली कर, वायली आणि करी यांनी हा शब्द रूढ केला. तो सुचवला अ‍ॅबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानं-पाकळ्या गळणं. (त्यातला दुसरा ‘प’ उच्चारू नये, ही या तिघा लेखकांची सूचना बहुतेकांनी मानलेली नाही.)

व्युत्पत्ती पाहिली तर हा पाहुणा नात्यातला निघतो. ग्रीक ‘अपो’ म्हणजे संस्कृत ‘अप’, आणि ‘प्टोसिस’चं मूळ आपल्या ‘पत्’ धातूच्याच कुळातलं. पतन, पतंग, पत्र हे सगळे त्याचेच. आपलं ‘पान’ मात्र ‘पर्ण’वरून आलं.

प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी कर्करोगाच्या पेशींची हीच पानगळ घडवतात. काम संपल्यावर त्यांतल्या बहुतेक स्वतःही अशाच गळतात. मरताना पेशीच्या डीएनएचे साधारण १६७ बेस-जोड्यांचे तुकडे रक्तात उतरतात. कर्करोगाच्या गाठीतून आलेले तुकडे ओळखून, त्यांचं प्रमाण घटतंय का हे रक्ततपासणीत पाहिलं, की उपचार लागू पडतोय का याचा अंदाज येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’ या कर्करोगावरच्या उपचारात तर रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत शरीरात सोडतात. त्या न गळता किती काळ टिकतात, यावर संशोधकांचं बारीक लक्ष असतं.