खोक्यावर नाव कंपनीचं, मशीनवर हात कुणाचा?

बिडकीनला औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. शेंद्रा-बिडकीन हा दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग. कारखाना औषधांचा असो की बिस्किटांचा, छापील खोक्याशिवाय माल बाहेर पडत नाही. म्हणून या खोक्याचा इतिहास आपण वाचलाच पाहिजे.

१७९६ च्या सुमारास सेनेफेल्डरने बव्हेरियात शिळाछाप शोधला. तेल आणि पाणी मिसळत नाही, या साध्या तत्त्वावर आजचं ऑफसेटही चालतं. १८७९ मध्ये ब्रुकलिनला रॉबर्ट गेअरच्या कारखान्यात घडी पाडणारी पट्टी सरकली आणि तिने कागदी पिशव्याच कापल्या. त्या नुकसानीतून गेअरला कळलं, की एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं दोन्ही होतं. घडीचं खोकं त्यातून आलं. आजचा क्रमही तोच: चित्राचे चार रंग वेगळे करणं, प्लेट, पुठ्ठ्यावर छपाई, वॉर्निश किंवा लॅमिनेशन, डाय-कटिंग, शेवटी पेस्टिंग.

आमचा प्रश्न एवढाच, या साखळीत कोण कुठे उभा?

हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून 'विटाळ'! १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. १९३६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की जात ही केवळ श्रमाची नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे. ती विभागणी कारखान्याच्या दारात गळून पडत नाही. यंत्र जात मानत नाही. यंत्रावर कुणाला उभं करायचं हे ठरवणारा माणूस मानतो.

बाबासाहेबांनी छपाईची ताकदही ओळखली होती. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. पुढे त्यांनी स्वतःचा भारत भूषण छापखाना उभारला. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला शब्द दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो.

तेव्हा बिडकीन परिसरातल्या तरुणांनो, पेस्टिंग आणि हमालीत कमीपणा नाही. पण आपल्याला तिथेच अडकवून ठेवणं हा अन्याय आहे. प्लेट, रंगांचा मेळ, डाय, मशीन शिका. नेमणूकपत्र मागा, भविष्यनिर्वाह निधी मागा, आठ तासांवरच्या कामाचा मोबदला मागा. आठ तासांच्या दिवसासाठी मजूरमंत्री असताना बाबासाहेब झटले आहेत. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

जय भीम!