वेताळ, सवंगडी आणि काळजीचा हिशेब : 'डिजिमॉन सर्व्हाइव्ह'ची पूर्वपीठिका

व्हिडिओ गेम हा साहित्याच्या अभ्यासकांनी दखल घेण्याजोगा विषय आहे काय, हा वाद आता जुना झाला. तो बाजूला ठेवून एका विशिष्ट प्रकाराकडे पाहू. दीर्घ कथा सांगणारे, पटावरील डावपेचांनी लढले जाणारे आणि माणसाच्या बाजूने अक्राळविक्राळ प्राणी उभे करणारे खेळ जपानमध्ये गेल्या चार दशकांत घडत गेले. २०१८ मध्ये घोषित झालेला आणि बराच रखडून जुलै २०२२ मध्ये बांदाई नामकोने प्रकाशित केलेला 'डिजिमॉन सर्व्हाइव्ह' हे त्याचे एक उशिराचे, काहीसे बेढब, परंतु महत्त्वाचे उदाहरण होय. (त्याच्या कथानकातील काही वळणे पुढे उघड करणे अपरिहार्य आहे.)

या प्राण्यांना मराठीत काय म्हणावे, येथूनच अडचण सुरू होते. 'राक्षस' म्हटले की वध ठरलेला. जपानी 'योकाई' मात्र नेहमीच वध्य नसतात. तोरियामा सेकिएन यांनी १७७६ मध्ये त्यांची सचित्र सूचीच प्रसिद्ध केली होती. म्हणजे या प्राण्यांना नावानिशी ओळखण्याची, त्यांची वर्गवारी करण्याची हौस व्हिडिओ गेमच्या फार आधीची आहे.

१९८६ साली आया निशितानी यांची 'डिजिटल डेव्हिल स्टोरी : मेगामी तेन्सेई' ही कादंबरी आली. एक शाळकरी मुलगा संगणकाच्या आज्ञावलीने सैतानी शक्तींना पाचारण करतो, ही तिची कल्पना. पुढच्याच वर्षी तिच्यावर आधारलेला खेळ निघाला. त्यात शत्रूपक्षातील शक्तींशी बोलणी करून त्यांना आपल्याकडे वळवता येई आणि दोघींचा संयोग करून तिसरी घडवता येई. मंत्राच्या जागी आज्ञावली आली, एवढाच काय तो फरक. नाते मांत्रिकाचे आणि वश केलेल्या वेताळाचेच राहिले. येथे शोगी या जपानी बुद्धिबळाची आठवण होते. शोगीत मारलेले मोहरे कायमचे बाद होत नाही. ते मारणाऱ्याच्या हाती येते आणि पुढे त्याच्याच बाजूने पटावर उतरते. निष्ठा मोहऱ्याची नसते, ज्याच्या हाती ते असेल त्याची असते.

१९९० च्या 'फायर एम्ब्लेम'ने या पटावर वेगळाच भार टाकला. शोझो कागा यांच्या या खेळात प्रत्येक प्याद्याला नाव होते, चेहरा होता आणि लढाईत ते मेले की कथेतूनही जाई. मृत्यू हा खेळाडूच्या चुकीचा परिणाम ठरला. पण ती चूक डावपेचाची होती, वागणुकीची नव्हती.

वागणुकीचा प्रश्न आणला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या खेळण्याने. १९९६ च्या 'पोकेमॉन'मागे सातोशी तजिरी यांचा लहानपणीचा कीटक जमवण्याचा छंद होता. तेथे प्राणी पकडायचा होता. १९९७ मध्ये बांदाईने बाजारात आणलेल्या 'डिजिमॉन'च्या मुठीएवढ्या यंत्रात प्राणी पोसायचा होता. त्याला भूक लागे, तो घाण करी, दुर्लक्ष झाल्यास मरे. शिवाय हे यंत्र मालकाच्या हलगर्जीपणाची मोजदाद ठेवी आणि त्यावरून प्राण्याचे पुढचे रूप ठरवी. माझ्या मते या परंपरेतील सर्वांत मोलाची कल्पना हीच आहे : प्राण्याचे रूप म्हणजे मालकाच्या वागणुकीचा लेखी हिशेब.

'डिजिमॉन सर्व्हाइव्ह' हा हिशेब कथेच्या भाषेत मांडतो. शालेय शिबिराला गेलेली मुले एका दुसऱ्याच जगात हरवतात. शिबिराच्या परिसरातील दंतकथांत तिथले प्राणी 'केमोनोगामी', म्हणजे पशुदेव, म्हणून ओळखले जातात. यामागे 'कामिकाकुशी'ची, देवांनी माणूस लपवून नेण्याची, लोकसमजूत आहे. यानागिता कुनिओ यांच्या १९१० च्या 'तोनो मोनोगातारी'त नासपतीच्या झाडाखाली चपला ठेवून नाहीशी झालेली आणि तीसेक वर्षांनी म्हातारी होऊन परतलेली मुलगी आहे. आपल्याकडच्या चकव्याशी तुलना करण्याचा मोह होतो. पण चकवा माणसाची वाट चुकवतो, येथे माणूसच गावाच्या हिशेबातून वजा होतो.

या मुलांपैकी शूजी हा घरच्या अपेक्षांखाली दबलेला मुलगा. आपण नेतृत्व केलेच पाहिजे, या हट्टापायी तो आपल्या सोबत्याला, लॉपमॉन या गरीब प्राण्याला, छळतो. लॉपमॉन सोसत राहतो. शेवटी त्याचे रूपांतर एका भयंकर प्राण्यात होते आणि तो शूजीलाच गिळतो. १९९७ च्या यंत्रातला हिशेब येथे चुकता होतो. मृत्यू पटावर होत नाही, तो संवादांतून ठरतो. त्याहून विलक्षण म्हणजे, पहिल्या वेळी तुम्ही काहीही निवडा, शूजी वाचत नाही. त्याच्या आधी गेलेला र्‍योही वाचत नाही. खेळ एकदा संपवून पुन्हा सुरू केल्यावरच दोघांना वाचवण्याची वाट उघडते.

ही शोकांतिकेशी केलेली फसवणूक आहे, असे कोणी म्हणेल. मृत्यू परतवता येत असेल तर त्याचे गांभीर्य काय उरले? आक्षेप वजनदार आहे. परंतु दुसऱ्या वेळी आपण पाहतो काय? लॉपमॉनची मुकाट आज्ञाधारकता पहिल्या वेळी स्वभाव वाटली होती. आता ती भीती म्हणून ऐकू येते, आणि शूजीची शिस्तही वेगळी ऐकू येते. खेळातील लढाया, खरे सांगायचे तर, सोप्या आणि रटाळ आहेत; केवळ डावपेचांसाठी आलेल्यांची २०२२ मध्ये निराशा झाली, ती रास्तच होती. मात्र पटावरचे कोणतेही कौशल्य शूजीच्या कामी येत नाही. त्याला वाचवण्यासाठी जे करायचे ते लॉपमॉन अजून मार खात असतानाच, त्याच्याविषयी शूजीशी बोलून करावे लागते.