थिमिस्टोक्लीझ

(इ. स. पू. सु. ५२४–सु. ४५९). अथेन्सचा सेनानी व मुत्सद्दी आणि सॅलॅमिस येथील आरमारी विजयाचा शिल्पकार. त्याचे घराणे फारसे प्रसिद्ध नव्हते. आई अथेन्सबाहेरची होती, असे प्लूटार्क सांगतो. इ. स. पू. ४९३ मध्ये तो आर्कन (मुख्य दंडाधिकारी) झाला आणि पायरीअस बंदराच्या तटबंदीचे काम त्याने सुरू केले.

मॅराथॉनच्या लढाईत (इ. स. पू. ४९०) मिल्टायडीझ या सेनापतीने इराणी सैन्य परतवून लावले, तेव्हा संकट टळले असे अनेकांस वाटले. थिमिस्टोक्लीझ मात्र या मताचा नव्हता. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास लॉरिअमच्या खाणींत चांदीचा विपुल साठा सापडला. ती चांदी नागरिकांत वाटून टाकण्याचा विचार चालू असता, तीतून लढाऊ गलबते बांधावीत, हे त्याने लोकसभेच्या गळी उतरविले. कारण मात्र त्याने इराणचे नव्हे, तर शेजारच्या ईजायना बेटाशी असलेल्या वैराचे दिले. दूरच्या सम्राटापेक्षा जवळचा वैरी लोकांस लवकर पटतो, हे तो जाणून होता. हीरॉडोटस गलबतांची संख्या २०० देतो, तर दुसऱ्या एका परंपरेत ती १०० आहे. वल्ह्यांच्या तीन रांगांच्या अशा प्रत्येक गलबतावर सु. १७० वल्हेकरी लागत. ते बहुतांशी गरीब नागरिकांतून येत. त्यामुळे आरमाराबरोबर या वर्गाचे राजकीय महत्त्वही वाढले.

इ. स. पू. ४८० मध्ये झर्क्सीझने ग्रीसवर स्वारी केली. थर्मॉपिलीची खिंड पडल्यावर अथेन्सवासीयांनी नगर सोडले व इराण्यांनी ते जाळले. ‘लाकडी तटच तारील’ या डेल्फायच्या देववाणीचा अर्थ गलबते असा थिमिस्टोक्लीझने लावला होता. संयुक्त आरमाराचे नाममात्र सेनापतिपद स्पार्टाच्या युरिबायडीझकडे होते आणि पेलोपनीसचे सेनानी माघारीच्या विचारात होते. तेव्हा थिमिस्टोक्लीझने सिसिनस या विश्वासू सेवकाकरवी झर्क्सीझला गुप्त निरोप धाडला, की ग्रीक पळून जाण्याच्या बेतात आहेत. इराणी आरमाराने रातोरात वाटा अडविल्या. माघारीचा प्रश्नच उरला नाही. सॅलॅमिसच्या अरुंद सामुद्रधुनीत इराण्यांचे संख्याबळच त्यांना भोवले; गलबते एकमेकांवर आदळली. पुढील वर्षी स्पार्टाच्या पॉसेनिअसने प्लाटीआ येथे इराणी भूदलाचा निर्णायक पराभव केला. परंतु आरमार खिळखिळे झाले नसते, तर तो विजय दुष्कर ठरला असता. हीरॉडोटसने थिमिस्टोक्लीझच्या द्रव्यलोभाच्या कथा आवर्जून दिल्या आहेत. त्यांमागे त्याच्या विरोधकांच्या आठवणी असाव्यात.

युद्धानंतर स्पार्टाला बोलण्यांत गुंतवून त्याने अथेन्सचा तट पुन्हा उभारविला. तथापि इ. स. पू. ४७१ च्या सुमारास खापरांवर नाव लिहून मतदान करण्याच्या पद्धतीने नागरिकांनी त्याला हद्दपार केले. ॲक्रॉपलिसजवळच्या एका विहिरीत त्याच्या नावाची सु. १९० खापरे सापडली असून ती मोजक्याच हातांनी लिहिलेली आहेत. म्हणजे मतदानासाठी ती आधीच तयार ठेविली होती, असे दिसते. पुढे देशद्रोहाचा आरोप आल्याने तो आर्गॉसहून निसटला आणि अखेर झर्क्सीझचा पुत्र पहिला आर्टाझर्क्सीझ याच्या आश्रयास गेला. त्याने त्याला मॅग्नीशियाचा कारभार दिला. तेथे थिमिस्टोक्लीझने स्वतःच्या नावाची नाणीही पाडली. त्याने विषप्राशन केले, अशी एक कथा आहे. थ्यूसिडिडीझ मात्र तो आजाराने वारला असे सांगतो. देशद्रोह्यास ॲटिकाच्या भूमीत पुरण्याची बंदी होती. तरी त्याच्या अस्थी गुप्तपणे तेथे आणून पुरल्याचे त्याचे नातलग सांगत, असेही त्याने नमूद केले आहे.