देवाचे हिट पॉइंट्स

देवाला किती घाव बसले म्हणजे तो मरतो? प्रश्न विचित्र वाटेल, पण अमेरिकेत १९७६ साली त्याचं उत्तर चक्क आकड्यात छापून आलं. ओडिन, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांचा देवाधिदेव. त्याला ३००.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली बाजारात आणला. त्याला पट लागतोच असं नाही. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी पुजारी. फासे टाकायचे आणि काय घडलं ते ठरवायचं. आपण लहानपणी अंगणात 'तू राजा, मी चोर' करायचो, त्याचीच ही नियम लावलेली मोठी आवृत्ती म्हणा ना! यात प्रत्येक पात्राला 'हिट पॉइंट्स' असतात, म्हणजे किती मार सोसला तर ते जगेल त्याचा आकडा.

आता खेळात पुजारी आला म्हणजे देव हवाच. म्हणून १९७६ साली रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी देव-उपदेव-वीरांची एक पुस्तिका लिहिली. तिच्या प्रस्तावनेतला सूर थट्टेचा आहे. काही खेळाडूंचे वीर इतके फुगले होते, की त्यांना आरसा दाखवायला खुद्द देवांचे आकडे छापावे लागले! पण मंडळी, मोजमाप हातात दिलं की माणूस मोजायलाच लागतो. ३०० म्हटल्यावर 'बघूया जमतं का' म्हणणारे निघणारच. १९८० साली याच जोडीचं 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' हे मोठं पुस्तक आलं. त्यात ग्रीक, इजिप्शियन, केल्टिक, फिनिश, बाबिलोनी, चिनी, जपानी असे कितीतरी देव ओळीने बसवलेले आहेत. झ्यूसला ४००. आणि त्याच ओळीत भारतीय प्रकरणही आहे. इंद्र, अग्नी, विष्णू, यम, काली... सगळ्यांचे आकडे, सगळ्यांची शस्त्रं.

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला यात आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. या खेळातले देव अनेक, पण भक्ती मात्र एकाचीच. युद्धदेवाचा पुजारी युद्धदेवाचाच, सागरदेवाचा सागरदेवाचाच. प्रत्येक देवाचं खातं ठरलेलं आणि प्रत्येकाचा स्वतंत्र पंथ. याला बहुदेवपूजा म्हणायची का? मला तर ही दहाबारा एकेश्वरी धर्मांची रांग वाटते. ज्या समाजात 'तुझा देव कोणता?' या प्रश्नाचं एकच उत्तर असतं, त्या समाजात वाढलेल्या माणसांनी अनेक देवांची कल्पना केली की ती अशी होते. त्यात त्यांचा दोष नाही. आपण जे रोज बघतो त्याच मापाने दुसऱ्याचं घर मोजतो.

जुन्या रोमकडे बघा. तिथला शेतकरी कुणा एकाचा भक्त नव्हता. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून रोबिगस नावाच्या देवतेला २५ एप्रिलला कुत्र्याचा बळी जात असे. तांबेऱ्याचा देव! त्याच्या मोठ्या पुराणकथा नाहीत. पण गहू गेला तर घर उपाशी, म्हणून त्याला मान. तिथे श्रद्धेचा प्रश्न फारसा नव्हताच, प्रश्न देण्याघेण्याचा होता. मी तुला देतो, तू मला दे.

आणि शत्रूचा देव? त्याला ठार मारणं रोमनांच्या डोक्यातही आलं नसतं. इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई हे शेजारचं शहर घेताना सेनापती कामिलसने तिथल्या जूनो देवीलाच विनंती केली, की बाई, तू आमच्याकडे ये, तुला मोठं देऊळ बांधून देतो. लिव्ही हा इतिहासकार ही हकीकत सांगतो. पुढे हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २०४ मध्ये, रोमनांनी आशिया मायनरमधून महामातेची काळी शिळा वाजतगाजत आणली. आणली खरी, पण तिच्या पुजाऱ्यांचे अघोरी आचार पाहून रोमन नागरिकांनी तिचं पुजारीपण घ्यायचं नाही, असाही नियम केला. देवी हवी, पण तिचे लोक जरा लांबच! हे वाचलं की दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक एकदम शेजारचे वाटतात.

इंग्लंडात बाथ गावी गरम पाण्याचा झरा आहे. मूळची तिथली देवी सुलिस. रोमन आले आणि तिला आपली मिनर्व्हा जोडून 'सुलिस मिनर्व्हा' करून टाकलं. त्या झऱ्यात शिशाचे आणि कथलाचे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. त्यांवर तक्रारी आहेत. कुणाचा डगला चोरीला गेलाय, कुणाचे हातमोजे. चोर पुरुष असो वा बाई, दास असो वा स्वतंत्र, देवी, तू त्याला झोप लागू देऊ नकोस! इतक्या थोर देवीकडे मागणं काय, तर डगल्याचं. पण थंडीच्या देशात गरिबाचा एकुलता डगला म्हणजे काय, हे त्याचं तोच जाणे. मला वाटतं, खरा धर्म ओळखायचा तो इथे.

खेळाच्या जगात हे ओळखलं ते ग्रेग स्टॅफर्ड याने. विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट कॉलेजात शिकत असताना १९६६ च्या सुमारास त्याने 'ग्लोरांथा' नावाचं जग रचायला घेतलं. त्या जगावरचा पहिला खेळ १९७५ साली आला आणि 'रूनक्वेस्ट' हा १९७८ मध्ये. १९७९ साली स्टीव्ह पेरिन याच्याबरोबर त्याने 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' हे पुस्तक काढलं. त्यात प्रत्येक पंथाबद्दल विचारलेले प्रश्न पाहण्यासारखे आहेत. या देवाची कथा काय? माणूस मेल्यावर याचे लोक काय करतात? समाजात या पंथाचं काम काय? साधा भाविक कोण, दीक्षा घेतलेला कोण, पुजारी कोण, आणि वर चढायला काय द्यावं लागतं? वेळ किती, मिळकत किती? इतर कुठल्या देवांशी याचं जमतं? साध्या भाविकाला एकाहून जास्त देवांकडे जायला मोकळीक आहे. विद्येच्या देवाच्या पंथात दाढी लागते, म्हणून बायका खोटी दाढी लावतात. हसू येतं, पण असले नियम कुठल्या धर्मात नाहीत?

त्या जगातली एक कथा मला फार आवडली. ऑर्लांथ हा वादळाचा देव. गर्विष्ठ सूर्यदेवाशी त्याचं वैर होतं. त्याने मृत्यू नावाचं शस्त्र वापरून सूर्याला मारलं. सगळीकडे अंधार, दुष्काळ, राक्षस. तेव्हा त्याला आपण काय करून बसलो ते कळलं आणि तो सोबत्यांना घेऊन पाताळात गेला, सूर्याशी समेट करायला. ही झाली वादळाच्या लोकांची कथा. सूर्याचे लोक विचाराल तर सांगतील, ऑर्लांथ हा बंडखोर आणि खुनी. दोन्ही कथा त्या जगात खऱ्या मानून लोक जगतात. कोणती बरोबर याचा निवाडा नाही. २०१८ साली स्टॅफर्ड वारला, पण त्याचं हे जग अजून खेळलं जातं.

माझा नातू पुण्याला कॉलेजात आहे आणि मित्रांसाठी असंच एक जग रचतो आहे. त्याने मला बारा देवांची यादी दाखवली. मंत्रिमंडळच ते! गृह, अर्थ, कृषी, आरोग्य. मी त्याला एवढंच विचारलं, की या देवळाचा झाडूपोछा कोण करतं? नैवेद्याचं तांदूळ कुणाच्या शेतातून येतं? देवीचा कोप झाला तर आधी कोणाच्या घरात कळतं? तो जरा वेळ गप्प बसला. मग मी त्याला खंडोबाचं सांगितलं. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. शिवाय लोकपरंपरेत शिंपीण, माळीण आणि मुसलमान घरची अशाही त्याच्या बायका सांगतात. देवाची लग्नं ही नुसती गंमत नव्हे. प्रत्येक लग्नातून एक समाज देवाचा सोयरा होतो आणि जेजुरीच्या भंडाऱ्यावर हक्काने येतो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी 'मिथ अँड रिअॅलिटी' या १९६२ च्या ग्रंथात देवांच्या लग्नांमागे माणसांचे समूह एकत्र येताना दाखवले आहेत. नातवाने मग पर्जन्यदेवाचं लग्न मीठ बनवणाऱ्यांच्या देवीशी लावलं. पाऊस आला की मिठागरं वाहून जातात, म्हणून संसारात कायम भांडण! मला ते झकास वाटलं.

आता राहिला मुख्य मुद्दा. ओडिन आणि झ्यूसची जुनी देवळं केव्हाच ओस पडली. कालीचं देऊळ आज सकाळीही उघडलं आहे. मेलेल्या आणि नांदत्या धर्मांना एकाच तक्त्यात बसवलं की कुणाला तरी लागतंच. २०१२ साली 'स्माइट' या संगणकावरच्या खेळात काली, अग्नी आणि वामन खेळाडूच्या हाती आले, तेव्हा अमेरिकेतल्या हिंदू मंडळींनी आक्षेप घेतला. मी बंदी मागणाऱ्यांपैकी नाही. आपल्याकडे देवाची थट्टा काय कमी आहे? जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या आहेत आणि आपण त्या भक्तिभावाने गातो. पण शिवी घालायला नातं लागतं. दळण-कांडण करणाऱ्या दासीचा तो सखा होता, म्हणून तिला रागवायचा हक्क होता. आकड्याशी असं नातं जुळत नाही. त्याच्याशी फक्त लढता येतं.

म्हणून नव्या जगाचा देव रचणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच. त्याची ताकद किती हे शेवटी लिहा. आधी हे लिहा, की ज्या बाईचं मूल तापाने फणफणलंय ती रात्री कुणाच्या नावाने दिवा लावते, आणि मूल वाचलं नाही तर सकाळी त्या देवाला काय म्हणते. तेवढं लिहून झालं, की त्या देवाला हिट पॉइंट्स द्यायला तुमचाच हात धजणार नाही.