चाकांवरची लाकडी खोली आणि पाण्याची वाट

मागच्या आषाढात अंगणात घोटाभर पाणी साचलेले असताना मिशिगनहून भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. दोन उन्हाळे गॅरेजमध्ये खपून त्याने स्वतःच्या हाताने एक ट्रेलर बांधला होता. गाडीमागे जोडायची, दोघांना जेमतेम झोपता येईल एवढी प्लायवूडची खोली. पाठ थेंबासारखी उतरती, म्हणून तिकडे त्याला 'टिअरड्रॉप' म्हणतात. फोटो आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी कौतुक केले होते.

"मामा, ती कुजली रे," तो म्हणाला. मागच्या दाराखालची कड काळी पडली होती. चाकू टोचला तर लोण्यात जावा तसा आत गेला. बाहेरचा महागडा रंग तीन हात दिलेला, पृष्ठभाग अजून आरशासारखा. "तुम्ही चार महिने पावसात राहणारी माणसं. तुम्ही लाकडाला काय लावता?"

मी सुतार नव्हे, रंगारीही नव्हे. घरातली खुर्ची डुगडुगली तर तिच्याखाली कागदाची घडी सारणारा माणूस. म्हणून हा प्रश्न घेऊन ओळखीच्या एका मेस्तांकडे गेलो. त्यांचे आयुष्य लाकडी ट्रॉलर बांधण्यात गेले. त्यांनी फोटो पाहिला, रंगाची चौकशीसुद्धा केली नाही. एवढेच विचारले, "फळयेच्या तोंडांक कितें लायलां?"

फळीचे तोंड म्हणजे तिची कापलेली कड. भाच्याला फोनवर विचारले, तर पलीकडे शांतता. कडांना वेगळे काही लावायचे असते हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. कडांवर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूंनी ठोकली, की झाले.

मेस्तांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत सुटलो. (माझी ही खोड वाचकांना ठाऊक आहे.) त्यातून हाती लागले ते असे.

आपल्याकडच्या जहाजबांधणीत सगळी विद्या सांध्यांचीच होती. दोन फळ्यांमधल्या फटीत काथ्या किंवा कापूस ठासायचा आणि वरून राळ-तेलाने बंद करायचे, या कामाला हिंदुस्थानी खलाशी 'कालापत्ती' म्हणत. पोर्तुगीज क्रियापद 'कालाफेतार', कारागीर 'कालाफाते'. शब्द कुठून कुठे गेला हे ज्याला ऐकून कळत नाही, त्याने गोव्यात राहू नये. दुसरा शब्द 'गलगल'. चुना आणि तेल मळून केलेला हा गिलावा पाण्याखालच्या लाकडावर थापत. पोर्तुगीजांनी तो 'गालागाला' म्हणून उचलला. जुन्या गोव्याच्या गोदीत १५६० च्या सुमारास बांधलेले 'शागास' हे सागवानी जहाज सुमारे पंचवीस वर्षे चालले. युरोपात बांधलेली कित्येक जहाजे त्या काळी चार-सहा फेऱ्यांत निकामी होत. श्रेय सागवानाचे खरेच, पण दरवर्षी सांधे उघडून पुन्हा भरणाऱ्या हातांचेही आहे. आपले मच्छीमारही पावसाळ्याआधी होडी वर ओढून, चुडतांच्या झापांखाली ठेवून, तिला मोरीचे नाहीतर काजूच्या टरफलाचे तेल पाजत आले. काम कधी 'संपत' नसे.

ट्रेलरची गोष्ट मात्र अमेरिकेची, आणि योगायोगाने भाच्याच्याच राज्यात सुरू झालेली. डेट्रॉइटला आर्थर शर्मन नावाचे जीवाणुशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सुट्टीसाठी घडीचा तंबू-ट्रेलर विकत घेतला. काही मिनिटांत उघडतो अशी जाहिरात होती. पहिल्याच रात्री पाऊस आला, तंबू उभा राहीना, सगळे कुटुंब भिजले. चिडून त्यांनी सुताराकडून चाकांवरची एक बंद पेटी करून घेतली. मुलांनी थट्टेने तिला 'कव्हर्ड वॅगन' म्हटले आणि पुढे कंपनीचे तेच नाव झाले. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी ती डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मांडली, आणि १९३६ पर्यंत ते देशातले सर्वांत मोठे ट्रेलर-उत्पादक झाले होते. म्हणजे या धंद्याचा जन्मच भिजण्यातून झाला. पहिल्या पेटीचे अंग मॅसोनाइटचे होते. लाकडाचा लगदा दाबून केलेला हा तक्ता कडेने पाणी प्यायला की फुगतो.

ज्यांना विकतचे परवडत नव्हते ते मासिकांतले आराखडे पाहून घरी बांधू लागले. मंदीचा काळ होता. टिअरड्रॉप तेव्हाचाच. त्यांच्या हाताशी होते प्लायवूड. फिरत्या ओंडक्यावर पाते धरून पापुद्रे सोलायचे आणि आडवे-उभे चिकटवायचे, ही युक्ती १९०५ साली पोर्टलंडच्या प्रदर्शनात मांडली गेली तेव्हा सरस होता जनावरांच्या हाडा-कातड्याचा. भिजला की थर भिजलेल्या वहीसारखे सुटत. मोटार कारखान्यांनी पायदानांसाठी प्लायवूड वापरून पाहिले आणि याच कारणाने सोडून दिले. १९३४ साली वॉशिंग्टन राज्यात हार्बर प्लायवूड कंपनीच्या जेम्स नेविन या रसायनतज्ज्ञांनी पूर्ण जलरोधक सरस तयार केला, तेव्हा कुठे प्लायवूड घराबाहेर पडू शकले.

इथे एक गैरसमज जन्माला आला आणि तो अजून जिवंत आहे. आपल्याकडे दुकानदार तक्त्यावर हात आपटून सांगतो, "बॉइलिंग वॉटर प्रूफ!" मरीन प्लायच्या भारतीय मानकात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, हे खरे. पण ती परीक्षा मुख्यतः सरसाची. थर सुटत नाहीत, एवढेच ती सांगते. थरांमधले लाकूड हे लाकूडच. त्याचा ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला आणि तिथे राहिला, की बुरशीला जेवण वाढलेच. कापलेल्या कडेतून लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात. सपाट अंगापेक्षा तिथून पाणी कितीतरी वेगाने चढते.

दोष कुणाचा, यावरचे सर्वांत कडवे भांडण झाले ते विमानावरून, आणि त्यात आपला पावसाळाच आरोपी होता. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे 'मॉस्किटो' हे लाकूड-प्लायवूडचे. १९४४ च्या शेवटी पूर्वेकडच्या आघाडीवर ही विमाने कोसळू लागली. पंखावरचे आवरण मुख्य तुळईपासून सुटत होते. कंपनीच्या घराण्यातलेच मेजर हेरवर्ड डी हॅविलंड तपासासाठी भारतात आले. डिसेंबरात त्यांनी अहवाल दिला की दोष सरसाचा नाही, दमट हवेत सांगाडा आकसल्याचा आहे. नंतरच्या चौकश्यांनी वेगळेच सांगितले. कधीच पावसाळा न पाहिलेली विमाने इंग्लंडात तपासली, तर त्यांतही तेच दोष निघाले. दोन कारखान्यांत चिकटवण्याचे काम ढिसाळ झाले होते. तरीही हवाई मंत्रालय 'मुख्यतः हवामान' याच कारणाला चिकटून राहिले, कारण वैमानिकांचा विश्वास उडायला नको होता. उपाय काय केला? पंखाच्या त्या सांध्यावर लांबच लांब प्लायवूडची पट्टी बसवून तो बंद केला. मेस्तांना विचारले असते तर त्यांनी बोट तिथेच ठेवले असते. आणि हवामानावर खापर फोडून कारखान्याने हात झटकणे... असो. त्या विमानांत बसणारी मुले विशी-पंचविशीची होती.

बाहेरून काय चढवायचे, यातही घरगुती लोकांनी जुन्याच वाटा धरल्या. लाकडी रेल्वे डब्यांची छपरे आणि नौकांचे डेक पांढऱ्या शिशाच्या रंगात बसवलेल्या किंतानाने मढवीत. शिसे विषारी म्हणून गेले, किंतान राहिले. आजही कित्येक जण ट्रेलरवर सुती कापड लाकडाच्या जलरोधक गोंदात चिकटवून वर घराचा रंग देतात आणि त्याला 'गरिबाचे फायबरग्लास' म्हणतात. मला हा प्रकार आवडतो. स्वस्त आहे, आणि फाटले तर दिसते. पॉलिस्टर रेझिनचे फायबरग्लास लाकडाला नीट धरत नाही. पापुद्रा आतून सुटतो, पाणी मागे साचते, आणि वरून काहीच कळत नाही.

इपॉक्सी चांगले धरते. त्याचा लाकडासाठी सर्वांत पद्धतशीर वापर केला मिशिगनमधल्याच बे सिटीच्या गूजन बंधूंनी, १९६९ नंतर. त्यांचे म्हणणे सोपे होते: बाहेरचे अंग रंगवून भागत नाही. प्रत्येक बाजू, प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक बंद झाले पाहिजे. स्क्रूसाठी भोक मोठे पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यात पुन्हा बारीक भोक पाडा. मग स्क्रू लाकडाला नव्हे, इपॉक्सीला चावतो. फक्त इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वरून रंग हवाच.

भाच्याच्या घरापासून हे गाव गाडीने दोन तासांवर, आणि उत्तर शोधायला त्याने फोन केला गोव्याला!

मी त्याला एवढेच कळवले. काळे झालेले सगळे कापून काढ, चांगले लाकूड लागेपर्यंत. घाई करू नकोस, आधी सुकू दे. ओल्या लाकडावर इपॉक्सी दिलेस तर पाणी आत कोंडशील, ते न लावल्यापेक्षा वाईट. कडांना इपॉक्सी आधी, अंगाला नंतर, आणि कड पिते तोवर पाजत राहा. सिलिकॉन वापरू नकोस, त्यावर पुढे रंग बसत नाही. पट्टीखाली ब्युटिल टेप घाल. आणि खाली पाणी निथळायला जागा ठेव.

ऑक्टोबरात फोटो आला. दाराखाली नवा तुकडा बसवलेला, कडा मधासारख्या चकचकीत. मेस्तांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला, मग छपरावरच्या हवेच्या झरोक्याभोवती बोट फिरवले. तिथे चौदा स्क्रू होते. ते काढून पाहिलेस का, असे मी त्याच रात्री भाच्याला विचारले.

"नाही रे मामा," तो म्हणाला, "आता बर्फ पडायला लागला. एप्रिलात बघतो."