माशाच्या पोटातली बेटं

रविवारी जेवायच्या आधी बाबांनी नेहमीसारखं पोटावर इन्शुलिनचं पेन टोचलं. ताटात तळलेली सुरमई होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "काय रे, हिच्या अंगात पण इन्शुलिन असतं का?"

मी कोड लिहितो, जीवशास्त्राशी संबंध बारावीपुरता. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि रात्री शोधत बसलो.

उत्तर आहे: असतं. शिवाय बाबांच्या हातातल्या त्या पेनाच्या इतिहासात माशांचा वाटा मोठा आहे.

आपलं स्वादुपिंड दोन कामं करतं. बराचसा भाग पाचकरस बनवतो आणि त्यात इन्शुलिन बनवणारी पेशींची बारीक बेटं विखुरलेली असतात. लँगरहान्सनं ती १८६९ साली पाहिली. अडचण अशी, की स्वादुपिंड वाटून अर्क काढला तर दोन्ही भाग एकत्रच वाटले जातात. मग साखर उतरवणारं द्रव्य नेमकं कुठून आलं, हे कसं कळणार? दोन मॉड्यूल एकमेकांत गुंतले की बग कुठला ते कळत नाही, तसंच.

काही माशांत मात्र ही बेटं मुख्य ग्रंथीपासून वेगळी, डोळ्यांना दिसतील अशा गाठींच्या रूपात असतात. जर्मनीत ब्रॉकमननं त्या १८४६ मध्येच नोंदवल्या होत्या. लँगरहान्सच्या २३ वर्षं आधी! पण त्यांचं काम काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

१९०७ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या रेनी आणि फ्रेझर यांनी ह्या गाठी मधुमेही रुग्णांना खायला दिल्या. अवयव बरोबर निवडला होता, वाट चुकली. इन्शुलिन हे प्रथिन. पोटात गेलं की इतर प्रथिनांसारखं पचून जातं. गुण आला नाही.

पुढची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते: १९२१, टोरोंटो, बँटिंग आणि बेस्ट. त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक मॅक्लाउड. १९२३चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउडना मिळालं आणि तेव्हापासून मॅक्लाउडकडे 'आयतं श्रेय घेणारे साहेब' म्हणून बघितलं गेलं. मीही तसंच समजत होतो. पण १९२२च्या उन्हाळ्यात हे साहेब कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट अँड्र्यूजच्या सागरी संशोधन केंद्रात, अँगलरफिश आणि स्कल्पिन मासे चिरत होते. बेटांचा अर्क वेगळा, उरलेल्या स्वादुपिंडाचा वेगळा. बेटांच्या अर्कानं सशांच्या रक्तातली साखर उतरली, दुसऱ्यानं नाही. इन्शुलिन बेटांतूनच येतं, ह्याचा हा थेट पुरावा.

गंमत म्हणजे माशांना स्वतःला साखर फारशी झेपत नाही. मांसाहारी माशाला ग्लुकोज दिलं तर ते रक्तात तासन्‌तास रेंगाळतं. त्यांचं मुख्य इंधन प्रथिनं, त्यामुळे त्यांचं इन्शुलिन ग्लुकोजपेक्षा अमिनो आम्लांना जास्त दाद देतं.

साठ वर्षांनी अँगलरफिश परत आला. सस्तन प्राण्यांची जनुकं क्लोन करण्यावर अमेरिकेत कडक नियम होते, थंड रक्ताच्या प्राण्यांसाठी ते सैल होते. बॉस्टनमध्ये जोएल हेबनर यांच्या गटानं ह्याच माशाच्या बेटांमधून ग्लुकागॉन ह्या संप्रेरकाचं जनुक वाचलं. १९८२च्या त्या निबंधात ग्लुकागॉनच्या शेजारी त्याच्यासारखीच आणखी एक साखळी सापडली. सस्तन प्राण्यांत तिची भावंडं लवकरच मिळाली. त्यातलं एक जीएलपी-१. आज गाजणारं सेमाग्लुटाइड त्याच्याच धर्तीवर बनलं आहे.

पुढच्या रविवारी हे सगळं बाबांना सांगितलं. ते शांतपणे काटे काढत ऐकत होते. मग म्हणाले, "त्या माशाच्या गाठी खाल्लेल्या माणसांना इन्शुलिन मिळालं का रे पुढे?"

१९०७ ते १९२२. मनात वजाबाकी केली. पंधरा वर्षं. लहान वयातला मधुमेह तेव्हा पंधरा वर्षं थांबत नसे.

मी काही बोललो नाही. बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते जपून डब्यात ठेवलं.