देसाईगंजच्या ठाण्याबाहेरची माणसे

वैनगंगेच्या खोऱ्यात देसाईगंज नावाचे गाव आहे. वडसा हे त्याचे दुसरे नाव. आज ते गडचिरोली जिल्ह्यात मोडते. १९७२ साली तो सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्या वर्षी २६ मार्चच्या रात्री एका घरगुती तक्रारीच्या निमित्ताने एका आदिवासी मुलीला तेथील पोलीस ठाण्यात यावे लागले. आईवडिलांचे छत्र हरपलेले, भाऊ मजुरी करणारा, आणि ती स्वतः लोकांच्या घरी कामाला जाणारी. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा. जबाब झाले, मंडळी घरी जायला निघाली, तेव्हा एका शिपायाने तिला एकटीला थांबवून घेतले. काही वेळाने बाहेरच्यांनी पाहिले तो ठाण्यातले दिवे मालवलेले आणि दार आतून बंद.

ती बाहेर आली तेव्हा तिथे गर्दी जमली होती. तिने घडले ते सांगितले. ती गर्दी हलेना, उलट ठाणे पेटवून देण्याची भाषा होऊ लागली. तेव्हा कोठे फिर्याद लिहून घेण्यात आली. त्या माणसांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. मुलीचे नाव मात्र त्या काळी सर्वत्र छापून आले आणि खटलाही त्याच नावाने ओळखला जातो. आम्ही ते येथे लिहिलेले नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

१९७४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलगी पूर्वीपासूनच शरीरसंबंधांना सरावलेली आहे, असा शेरा न्यायाधीशांनी मारला. त्याला आधार होता एका वैद्यकीय चाचणीचा, जिचे वर्णन कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या या पानांवर आम्ही करू इच्छित नाही. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा होता. एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. परंतु १९७८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, मग जबरदस्ती झाली कशी, अशी ती विचारसरणी होती.

सेमिनरीत अनुवादाचा बाविसावा अध्याय आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. वाग्दत्त मुलीवर रानात प्रसंग ओढवला तर ती निर्दोष, कारण तिचा आक्रोश ऐकायला कोणी नव्हते. नगरात ओढवला तर मात्र ती ओरडली नाही म्हणून तीही दोषी. हजारो वर्षांपूर्वीचा तो नियम विसाव्या शतकातल्या न्यायासनाच्या तर्काशी इतका जुळावा, याचे आम्हांला आजही आश्चर्य वाटते. शिवाय देसाईगंजच्या मुलीने ओरडून बोलवायचे तरी कोणाला? पोलिसांनाच ना?

त्याच १९७४ साली अमेरिकेत ॲन बर्जेस ही परिचारिका-प्राध्यापिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात रात्री-अपरात्री येणाऱ्या पीडित स्त्रियांजवळ बसून त्यांनी ते केले होते. काही स्त्रिया रडत, थरथर कापत. पण अनेक जणी विलक्षण शांत दिसत. ती शांतता म्हणजे आघाताचेच एक रूप होते. झोप उडणे, एकाएकी दचकणे, घर बदलावेसे वाटणे, ओळखीच्या रस्त्याची भीती बसणे, हे सारे पुढे महिनोन्‌महिने चाले. आपल्याकडच्या न्यायालयांत मात्र अश्रू नाहीत याचा अर्थ दुःख नाही असाच लावला जात होता.

१९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० साली मुंबईत व अन्य शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. निकाल बदलला नाही, पण १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने शपथेवर सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे. सुनावणी बंद दालनात व्हावी. पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरावा. आम्ही नाव का गाळले, ते वाचकांच्या ध्यानी आले असेल.

तरीही तिच्या बाजूने न्यायालयात कोण उभे राहणार, हा प्रश्न राहिलाच. सरकारी वकील राज्याचा, आरोपीचा वकील आरोपीचा. १९९४ साली, आगगाडीत सैनिकांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या घरकामगार स्त्रियांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पीडितेला ठाण्यापासूनच वकिलाची सोबत मिळाली पाहिजे. २००२ च्या दुरुस्तीने तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून साक्ष खोडून काढण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यातून गेली. दिल्लीच्या घटनेनंतर, २०१३ साली, स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती मानता येणार नाही, असे वाक्य कायद्यात आले. नागपूरने १९७६ साली म्हटले होते ते कायद्याच्या पुस्तकात यायला सदतीस वर्षे लागली! त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती अपमानास्पद चाचणी गैर ठरवली, आणि २०२२ साली ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी मानावे असे बजावले.

आता आम्हांला स्वतःविषयी लिहिले पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, आम्ही नवखे धर्मगुरू असताना, एक आई आपल्या विशीतल्या मुलीला घेऊन आमच्या कार्यालयात आली. अत्याचार करणारा नात्यातलाच होता. आई रडत होती, मुलगी टेबलावरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बसली होती. ती रडत नाही, तेव्हा प्रकरण आई सांगते तेवढे गंभीर नसावे, असे आमच्या मनात आले. आम्ही म्हणालो, "मावशी, घराची अब्रू सांभाळा. पोरीला थोडे दिवस बाहेरगावी ठेवा. आपण प्रार्थना करू." न्यायमूर्तींच्या ज्या तर्कावर आम्ही वर टीका केली, तोच आम्ही टेबलापलीकडून चालवला होता. जुन्या करारात अबशालोमही आपली बहीण तामार हिला गप्प राहायला सांगतो, आणि ती त्याच्या घरात उजाड होऊन राहते.

ती मुलगी पुढे मिस्साला आली नाही. पुष्कळ वर्षांनी आईच्या अंत्यविधीला आली, तेव्हा आम्ही क्षमा मागितली. ती म्हणाली, "फादर, तुम्ही त्या दिवशी माझ्याशी बोललाच नाहीत. आईशीच बोललात."

आज आम्हांला तसे वागण्याची मुभा कायदाही देत नाही. पीडित अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या कायद्यानुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. ख्रिस्तसभेतही, तिच्याच सेवकांनी केलेल्या पापांचे ओझे वाहत, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू व व्रतस्थांवर अशा तक्रारी वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले. कोणत्याही रुग्णालयाला, मग ते खासगी का असेना, तातडीचे उपचार विनामूल्य द्यावे लागतात. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक घरोघरी लिहून ठेवण्यासारखे आहेत.

पण कागदावरचे हे सारे मिळवायला कोणीतरी सोबत जावे लागते. कोर्टाच्या बाकावर आरोपीचे नातलग समोर बसलेले असतात, तारीख पडते, बोलावणे येत नाही, पुढची तारीख मिळते, आणि पीडितेचा धीर बहुधा तेथेच सुटतो. आमच्या धर्मग्रामातील दोन भगिनी अशा एका खटल्यात मुलीबरोबर जात होत्या. त्या डबा नेत, पाण्याची बाटली नेत, आणि तिला बोलावेसे वाटेल तेव्हाच बोलत. सात वेळा नुसतीच तारीख पडली. तिची साक्ष आठव्या खेपेस झाली.